भिंतीला कान लावणारे मालक

घर भाड्याने देण्याआधी लोक काय काय विचारतात, या विषयात मला कुणी पदवी दिली तर मी ती हक्काने घेईन. वडील रेल्वेत गँगमन होते. ते निवृत्त झाले आणि लोणावळ्याचं क्वार्टर सोडावं लागलं. पुढे वडीलही गेले, आणि आई नि मी भाड्याच्या एका घरातून दुसऱ्या घरात हिंडत राहिलो. मी कामशेतच्या शाळेत शिक्षिका, पगार वेळेवर, माणसं दोनच, तीही आवाज न करणारी. अशा भाडेकरूंना खरं तर ओवाळून घरात घ्यायला हवं. पण प्रत्येक घरमालक आधी पाणी द्यायचा, मग नोकरी विचारायचा, मग गाव, आणि मग अगदी सहज आठवल्यासारखं आडनाव. आडनावावरून आम्ही बौद्ध आहोत हे त्याला कळलं की त्याचा कुणीतरी पुतण्या अचानक शिकायला यायचा असे. लोणावळ्यात इतके पुतणे शिकायला आले असते तर इथे विद्यापीठ काढावं लागलं असतं.

या मालकांनी आडनाव विचारलंच नाही. दार अर्धवट उघडून त्यांनी विचारलं, "खिळे किती?"

"कसले खिळे?" मी म्हटलं.

"भिंतीला किती ठोकणार? एकही ठोकायचा नाही. मान्य असेल तर सामान आणा."

आई मागून पुढे आली. "अवो, आन् फोटू कुटं लावायचा आमी?"

"टेबलावर ठेवा. भिंतीला टेकवून ठेवा. पण तिला भोसकू नका."

आम्ही कबूल केलं. रस्त्याला लागल्यावर आईने वळून एकदा त्या दाराकडे पाहिलं. मग हसायला लागली. "बरा हाय गं म्हातारा. खिळ्याचीच जात इचारली, आपली न्हाई."

तो फोटो म्हणजे बुद्धाची मोठी तसबीर. वडिलांनी क्वार्टरमध्ये असताना चौकट करून घेतली होती. क्वार्टर सुटल्यापासून ती कधी कपाटावर, कधी गव्हाच्या डब्यावर, एका घरात तर जागा नव्हती म्हणून चादरीत गुंडाळून कॉटखाली राहिली. आईला दागिने नको होते, तीर्थयात्रा नको होती. तिला स्वतःची एक भिंत हवी होती, जिच्यात खिळा ठोकताना कुणाला विचारावं लागणार नाही. संध्याकाळी वंदनेला बसताना ती टेबलावरच्या तसबिरीकडे बघायची तेव्हा मला माझ्या सगळ्या नोकरीची लाज वाटायची.

मालकांना सगळं गाव मालकच म्हणायचं, आम्हीही तेच म्हणत असू. बायको गेल्यापासून ते पुढच्या भागात एकटेच राहत, मागच्या खोल्या आम्हाला होत्या. तेही रेल्वेतलेच, पण साहेब लोकांतले. घाटातल्या बोगद्यांची तपासणी करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. पावसाळ्यात माणसं घेऊन बोगद्यात शिरायचं, हातोडीने कातळ वाजवत जायचं आणि कान देऊन ऐकायचं. घट्ट कातळ टणकन बोलतो, सुटलेला भद्द करतो. भद्द ऐकू आलं की तो दगड गाडीवर पडायच्या आत पाडायचा. नोकरी संपली, पण कान निवृत्त व्हायला तयार नव्हते. कलिंगड तर सगळेच वाजवून घेतात, मालक खुर्चीसुद्धा वाजवल्याशिवाय बसत नसत. कुणाच्या तरी मुलीच्या लग्नात त्यांनी मांडवातल्या स्टेजचा खांब वाजवला, मान हलवली आणि वर चढायला साफ नकार दिला. शेवटी नवरा-नवरीच खाली उतरून पाया पडली. भिंतीला कान असतात असं आपण ऐकतो, या गृहस्थांचे कान भिंतीला असत.

त्यांचा खरा उद्योग होता लोकांची घरं बघण्याचा. लोणावळ्यात जुनं घर घ्यायला निघालेला कुणीही त्यांना भेटला, तोंडओळखीचा का असेना, की हे छत्री आणि हातोडी घेऊन निघाले. हातोडीचा लोखंडी भाग ते तळहातात धरत आणि लाकडी दांड्याने भिंत वाजवत. खिशात एक काचेची गोटी असे. ती फरशीवर ठेवायची आणि कुठे घरंगळते ते बघत बसायचं. एक पैसा घेत नसत. चहा मात्र त्या घरातल्या नळाच्या पाण्याचाच हवा, दुसरा चालत नसे.

"माणूस सातबारा बघतो," ते म्हणायचे, "दिशा बघतो, मुहूर्त बघतो. भिंत कोण बघतं? सातबारा कोरा आहे, ठीक. पण भिंत कोरडी आहे का?"

आत शिरल्यावर ते पहिलं काम करत ते विकणाऱ्याला बाहेर घालवण्याचं. "तो बोलत असला की घर बोलत नाही," हे त्यांचं म्हणणं. मग कपाटं उघडून नाक आत घालायचं. बुरशीचा वास कपाटात लपून राहतो, फिनाइलने जात नाही. मग दारांच्या तळाशी वाकून बघायचं. नुकताच रंधा मारलेला दिसला की ओळखायचं, हे दार दर पावसाळ्यात फुगून अडतं. पलंगाच्या पायांवर पाण्याची रेघ उमटली आहे का, सिलिंडरच्या खाली गंजाचं कडं उठलंय का, तेही बघायचं. शेजारच्या बाईला जाऊन विचारायचं, "श्रावणात कपडे कुठे वाळत घालता?" या एका प्रश्नाचं उत्तर ऐकून त्यांना म्हणे त्या बाजूचं अर्धं घर कळे.

ताज्या रंगाचा त्यांना मनापासून राग. "नवा रंग म्हणजे घराने तोंड धुतलंय. आंघोळ केलेली नाही."

गावातले एजंट त्यांना बघून रस्ता बदलायचे. एकाने शक्कल लढवली. कुठलंही घर दाखवायचं असलं की आदल्या दिवशी तो मालकांकडे चिक्कीचा डबा पाठवायचा, म्हणजे भीड पडेल. मालक चिक्की मिटक्या मारत खायचे आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी हजर. खरं तर डबा आणणाऱ्या पोराकडूनच त्यांना घराचा पत्ता कळायचा, डबा आला नसता तर कळलाच नसता. बिचाऱ्या एजंटाच्या हे फार उशिरा लक्षात आलं.

सगळेच त्यांचं ऐकायचे असं नाही. पुण्याच्या एका जोडप्याने तुंगार्लीकडचं एक घर पसंत केलं होतं. मालकांनी छताकडे बोट दाखवून वासे बदलावे लागतील म्हणून सांगितलं, तर ते गृहस्थ भडकले. चांगल्या कामात अपशकुन करता म्हणाले. मालकांनी गोटी उचलून खिशात टाकली, नमस्कार केला आणि आले. पावसाळ्यात त्याच गृहस्थांचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होते. मला वाटलं, आता हे चांगले सुनावतील. पण मालक एवढंच म्हणाले, "बादल्या खाली ठेवा, मी सुताराला घेऊन येतो." आणि छत्री घेऊन भर पावसात गेले. त्या दिवसापासून मला ते आवडायला लागले, ते शेवटपर्यंत.

आता खिळ्याबद्दल. वर्षभर आईने शब्द पाळला. पण वैशाख पौर्णिमा आली आणि तिचा धीर सुटला. मालक दुपारचे झोपलेत असं बघून तिने शेजारून हातोडी आणली (आमच्या घरात हातोडी असायचं कारणच नव्हतं) आणि आतल्या खोलीत एक लहानसा खिळा भिंतीला लावून हलकेच ठोकला. दुसऱ्या ठोक्याला परातीएवढा गिलावा तिच्या पायाशी येऊन पडला. आत भिंत काळी ओली, बोट लावलं तर वाळू गळत होती.

आवाजाने मालक आले. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. त्यांनी त्या भगदाडाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि खुर्ची न वाजवताच बसले.

"कळलं आता, खिळे का नको म्हणतो ते?"

आई हातोडी पदराखाली लपवायचा प्रयत्न करत होती. "मला वाटलं तुमी कंजूस हाय."

"तेही आहे. पण हे घर मी मे महिन्यात घेतलं. आमच्या हिला ओटा आवडला, ओट्यासमोरचा चाफा आवडला. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, हेच घ्यायचं. मी घाटातला एकूणएक दगड वाजवलेला माणूस, पण या भिंतीला बोटसुद्धा लावलं नाही. पावसाळ्यात ही भिंत रडायला लागली. दरवर्षी लिंपतो, दरवर्षी रडते. आमची ही जन्मभर सर्दी घेऊन इथे राहिली, आणि एका शब्दाने मला बोलली नाही." त्यांनी गिलाव्याचा एक तुकडा उचलून बोटांत चुरला. "बोलली असती तर बरं झालं असतं."

गावभर दुसऱ्यांची घरं तपासत हिंडणाऱ्या या माणसाने स्वतःचं घर न बघता घेतलं होतं. मला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आईने चहा टाकला. त्या दिवसापासून त्या दोघांत भांडायची मोकळीक आली, आणि आमच्या माणसांत भांडायची मोकळीक म्हणजे नातंच.

नंतरच्या हिवाळ्यात मला वलवणचं घर सापडलं. धरणाच्या बाजूला, चढाला टेकून बांधलेलं, दगडी जोत्याचं, कौलारू, दोन खोल्या आणि मागे एक पडवी. मुंबईच्या कुणीतरी सुट्टीपुरतं घेतलं होतं आणि आता विकायला काढलं होतं. पिवळा ताजा रंग, खिडकीतून ऊन आत आलेलं. आई आतल्या खोलीत गेली आणि पूर्वेच्या भिंतीसमोर उभी राहिली. तिने हात वर करून उंचीचा अंदाज घेतला. मला दुसऱ्याच दिवशी इसार द्यायचा होता. फंडातलं सगळं काढून आणि वर कर्ज घेऊन जेमतेम जमणार होतं, म्हणजे एकदाच जमणार होतं. चुकलं तर आयुष्यभर त्या चुकीतच राहायचं.

मालकांनी घर पाहिलं. भिंती वाजवल्या, गोटी सोडली, दारांचे तळ बघितले. चहा प्याले.

"काय वाटतं?" मी विचारलं.

"जुलैत सांगतो."

"मालक, जानेवारी चाललाय!"

"लोणावळ्याचं घर जानेवारीत सगळ्यांनाच चांगलं वाटतं. जुलैत बघायचं."

एजंट म्हणाला, मॅडम, दोन पार्ट्या तयार आहेत, जुलैपर्यंत तुमच्यासाठी विटाही उरणार नाहीत. मला मालकांचा इतका राग आला की मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. आईने मात्र तोंडावरच विचारलं, "आमी गेलो तर भाडं कोन देनार, म्हनून थांबवताय व्हय?"

"तसंही असेल," मालक म्हणाले. "पण थांबा."

आणि आई थांबली. मी चिडले तर मला म्हणाली, "क्वार्टर सरकारनं सोडाया लावली. भाड्याची घरं मालकांनी सोडाया लावली. आता आपलं घर पान्यानं सोडाया लावलं, तर मी कुनाशी भांडू?"

जून लागला आणि त्या दोन पार्ट्या पावसात विरघळल्या. बहुधा त्या कधी नव्हत्याच. जुलैत, चार दिवस सूर्य दिसला नव्हता अशा एका सकाळी, आम्ही तिघं पुन्हा वलवणला गेलो. एजंटाने नाखुशीनेच कुलूप काढलं. आतल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चटई अंथरली होती, पाय टाकताच ती पचपचली. मालकांनी छत्रीच्या टोकाने ती उचलली. खाली घोटाभर नाही, पण तळवा बुडेल इतकं पाणी, आणि फरशीच्या सांध्यांतून आणखी वर येत होतं, गार आणि स्वच्छ. आईने त्या पूर्वेच्या भिंतीकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. तिचा चेहरा बघून मला रडू फुटलं, एजंटासमोर फुटलं.

मालक मात्र खूश दिसत होते. मला ते भयंकर क्रूर वाटले. पाण्यात बोट बुडवून त्यांनी ते चाखलंसुद्धा. "हे गळतीचं नाही. डोंगराचं आहे. पावसाळ्यात इथे जमिनीला पाझर फुटतात. पण हे जोतं बांधणारा वेडा नव्हता. त्याने या पाण्याला वाट ठेवली असणार." आणि छत्री तिथेच ठेवून ते पावसात बाहेर पडले. जोत्याच्या कडेने वाकून, दांड्याने एकेक दगड वाजवत सगळ्या घराला त्यांनी प्रदक्षिणा घातली. टण, टण, टण. उताराच्या बाजूला, दगडांच्या ओळीत मधेच एक सिमेंटचा चौकोन होता. तिथे भद्द झालं.

"हे काय आहे?"

एजंट घुटमळला. "होल होतं साहेब. मुंबईच्या पार्टीला तिथनं धामण निघताना दिसली. बाई घाबरल्या, म्हणून पॅक केलं."

"धामण बाहेर निघत होती ना? मग निघू द्यायची. तिच्यामागे पाणीही निघत होतं. तुम्ही दोघांनाही आत कोंडलंत." मालकांनी त्याच्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं. "पहार आहे का?"

मुंबईला फोन झाला, परवानगी मिळाली. पहार सापडली आणि ती एजंटाच्याच हातात आली. सिमेंट फुटलं तसा पाण्याचा लोट आला आणि एजंट गुडघ्यापासून गळ्यापर्यंत मातकट झाला. आई पदर तोंडाला लावून हसत होती. आम्ही त्या घरातल्याच नळाच्या पाण्याचा चहा केला, तो पिऊन होईतो आतल्या फरश्या उघड्या पडल्या. पाण्याला त्याची वाट मिळाली होती.

मालक एवढ्यावर थांबले नाहीत. आणखी दोन तास त्यांनी घर पिंजून काढलं. पडवीवरचा एक वासा वाळवीने खाल्लाय, बदला. विजेच्या तारा सगळ्या जुन्या, नव्या टाका. पश्चिमेच्या भिंतीला झडीचा मार आहे, तिला पावसाळ्यात पत्रा लावा. वाटेच्या तोंडाला जाळी बसवा, पाणी जाऊ द्या, साप येऊ देऊ नका. मी घाबरून म्हटलं, "म्हणजे घरात इतके दोष आहेत?"

"जुनं घर निर्दोष नसतंच. माणूसही नसतो. दोष कुठले ते आधी कळले पाहिजेत, म्हणजे पेलवतील का ते ठरवता येतं."

तेव्हा आईने त्यांच्या समोर जाऊन विचारलं, "भाऊ, तुमी घेतलं असतं का हे?"

इतक्या दिवसांत तिने त्यांना पहिल्यांदा भाऊ म्हटलं. मालकांनी हातोडीचा दांडा रुमालाने पुसला, नको तितका वेळ पुसला. "घेतलं असतं, ताई. हिला घेऊन आलो असतो जुलैत, आणि मगच घेतलं असतं."

राहायला गेलो त्या दिवशी सकाळी मालक आमच्या आधी येऊन पायरीवर बसले होते. पूर्वेची भिंत वाजवून त्यांनी पेन्सिलीने एक बारीक फुली केली आणि हातोडी आईच्या हातात दिली. आई ठोकताना रडत होती आणि मालक "सरळ धरा, सरळ धरा" म्हणून ओरडत होते. तसबीर लागली. ती जराशी तिरकी आहे, अजूनही.

पुढे मालकांनी स्वतःचं घर विकायला काढलं, तेव्हा गावाला वर्षभर करमणूक झाली. गिऱ्हाईक आलं की हेच हातोडी घेऊन पुढे. इथे ओल आहे, इथे वाळू सुटते, त्या कोपऱ्यात तर उभंच राहू नका. जानेवारीत आलेल्यांना ते जुलैत या म्हणून परत पाठवत. एजंटांनी कपाळाला हात लावला. शेवटी एका ठेकेदाराने घेतलं. तो म्हणाला, सगळे दोष मालकानेच सांगितलेलं घर मी पहिल्यांदा बघतोय, आता मला शोधायला काय उरलं? त्याने भिंती पाडून नव्या बांधल्या, चाफा आणि ओटा मात्र ठेवला. मालक पुण्याला मुलीकडे गेले. निघताना हातोडी आईकडे देऊन गेले, आणि तिथे म्हणे लिफ्ट वाजवल्याशिवाय आत शिरत नसत. आता ते नाहीत. पाऊस चढला आणि जोत्यातून पाण्याचा आवाज यायला लागला की मला त्यांची फार आठवण येते.

गेल्या वर्षी पडवीची आम्ही एक खोली केली आणि ती दवाखान्यात नर्स असलेल्या एका मुलीला भाड्याने दिली. आईने तिला नोकरी विचारली, जेवणाचं विचारलं. आडनाव विचारलं नाही. चार दिवसांनी ती मुलगी दारात येऊन उभी राहिली. हातात तिच्या आई-वडिलांचा फोटो.

"मावशी, एक विचारू? एकच खिळा ठोकला तर चालेल का? छोटासा."

आई उठली. फळीवरची हातोडी काढली, लोखंड तळहातात धरलं आणि त्या मुलीच्या खोलीत जाऊन दांड्याने भिंत वाजवू लागली. मग डोळे मिटून भिंतीला कान लावला. ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला गप्प राहायची खूण केली.

"हितं नगं," आई म्हणाली. थोडी सरकली, पुन्हा वाजवलं. "हितं. हितं ठोक. मोठा ठोकलास तरी चालंल."

"नक्की ना, मावशी? भिंत खराब नाही ना होणार?"

"न्हाई व्हनार," आईने हातोडी तिच्या हातात दिली. "वाजवून घेतलंय मी हे घर."